पिवळी टिकली

नवा माणूस भेटला की सर आधी त्याच्या पायांकडे बघायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून चेहऱ्याकडे. मग मान थोडी डावीकडे कलती करून पेनाचं टोपण दोनदा दातांवर वाजवायचे आणि निकाल द्यायचे. "पिवळा." किंवा, "लाल. शंभर टक्के लाल." या सगळ्याला एक मिनिटही लागत नसे. समोरच्याने तोवर फार तर नमस्कार केलेला असायचा.

माझा तर नमस्कारही पुरा झाला नव्हता. हातातलं रजिस्टर टेबलावर ठेवून मी हात जोडत होतो, तेवढ्यात टोपण वाजलं. "पिवळा," सर म्हणाले. बॅगेतून टिकल्यांचं पाकीट काढून त्यांनी एक पिवळी टिकली माझ्याच फायलीच्या पुठ्ठ्यावर अंगठ्याने दाबून बसवली. "आज्ञाधारक. कामाला चोख. पुढाकार शून्य. वाईट वाटून घेऊ नका. शास्त्र आहे हे, ज्योतिष नाही."

त्या दिवसापासून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "काय पिवळे, झेरॉक्स झाल्या का?" "पिवळे, गरम पाणी सांगा." बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना ते माझं आडनावच वाटायचं. त्यांतल्या एकाने तर मला 'श्री. पिवळे' म्हणून दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवलं होतं. बायकोने ते आठवडाभर देवळीत ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून हसून घेतलं.

मी जव्हारमधल्या एका संस्थेत लिपिक आहे. राहायला साखरशेतला. आमची संस्था पाड्यांवरच्या मुलींना एका वर्षासाठी नाशिकला पाठवते, रुग्णालयात मदतनीस म्हणून काम शिकायला. राहणं-जेवण तिकडेच, आणि वर्ष संपलं की बहुतेकींना तिथेच नोकरी लागते. जागा दहा. अर्ज त्याच्या तिप्पट. पूर्वी आमच्या मॅडम, म्हणजे संस्थेच्या प्रमुख, मुलींच्या घरी जाऊन, गावात चार ठिकाणी विचारून नावं ठरवायच्या. त्यात चुका व्हायच्या, नाही असं नाही. पण त्या चुका निदान आमच्या आम्हाला कळायच्या. मग कुणीतरी वरून सुचवलं की निवड शास्त्रीय पद्धतीने व्हायला हवी. आणि पुण्याहून सर आले.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. पांढरा शुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात कुठल्यातरी जुन्या परिषदेचं ओळखपत्र, आणि बोलताना दर दुसऱ्या वाक्याला 'मूलतः'. सरांकडे एक प्लास्टिक चढवलेला तक्ता होता. त्यावर एक मोठं वर्तुळ, त्याचे चार तुकडे, चार रंग. लाल म्हणजे पुढारपण करणारे. निळे विचारी. हिरवे मिळूनमिसळून राहणारे. आणि पिवळे म्हणजे उरलेले. जगातली सगळी माणसं या चार तुकड्यांत बसतात, हा सरांचा मूलतः सिद्धान्त. तक्ता ते भिंतीला टेकवून ठेवायचे आणि पंख्याच्या वाऱ्याने तो दर थोड्या वेळाने तोंडावर पडायचा.

निळ्या टिकलीची गंमत वेगळी. ज्यांच्या सहीने त्यांना बोलावणं जायचं त्या मॅडम निळ्या निघाल्या. मॅडमच्या वरचे एक साहेब आले, तेही निळे. विश्रामगृहाचा खानसामा पहिल्या भेटीत पिवळा होता. त्याने गावठी कोंबडीचा रस्सा खाऊ घातल्यावर त्याच्यात 'सुप्त निळेपणा' आढळला. मी हे सगळं बघत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. त्यापलीकडे मी काही करत नव्हतो, हेही आत्ताच सांगून टाकतो.

एकदा त्यांना मोखाड्याचा आठवडी बाजार बघायचा होता. मला बरोबर घेतलं. बाजारात शिरताच टोपण दातांवर वाजायला लागलं, ते थांबेचना. जीपवाला लाल. कापडवाला लाल. एका कडेला एक म्हातारी रानभाजीची टोपली पुढ्यात घेऊन गप्प बसली होती. ना ओरडणं, ना बोलावणं. शेजारची बाई मात्र घसा ताणून गिऱ्हाईक ओढत होती. सर तिथेच थांबले आणि मला शिकवायला लागले. "बघा पिवळे. ही अंतर्मुख. विक्रीचं कौशल्य मूलतः शून्य. आणि ही शेजारची बहिर्मुख. ही पुढे जाणार." आम्ही चहा पिऊन, फिरून परत आलो तर म्हातारीची टोपली रिकामी होती आणि ती टोपली झटकत घरी निघाली होती. शेजारचीची भाजी तशीच. मोखाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे की म्हातारीची भाजी पहाटेची, ताजी असते. मी सरांना ते सांगितलं. सर म्हणाले, "अपवाद." आणि रस्ताभर डुलकी काढली.

चाचणी छापील होती. साठ वाक्यं, प्रत्येकासमोर पाच चौकोन. 'पूर्ण पटतं' पासून 'अजिबात पटत नाही' पर्यंत. वाक्यांची भाषा अशी की ती आमच्याकडच्या मुलींना कळली असती तर मलाच नवल वाटलं असतं. म्हणून ती आमच्या बोलीच्या जवळ आणायचं काम माझ्याकडे आलं. आठ दिवस मी त्यात डोकं घातलं. 'माझं कामाचं टेबल नीटनेटकं असतं.' टेबलाची चूल केली. 'सुट्टीच्या दिवशी मला नव्या ठिकाणी फिरायला आवडतं.' इथे मी बराच वेळ पेन धरून बसलो. आमच्याकडे नव्या ठिकाणी जातात ते वीटभट्टीवर.

'समारंभात मी केंद्रस्थानी असते.' या वाक्यापाशी मी सरांना फोन केला. म्हटलं, "सर, आमच्याकडे नाचाच्या मध्यभागी तारपा वाजवणारा असतो. बाकी सगळे त्याच्याभोवती गोल. बाई मध्यभागी कधीच नसते."

"मग तसंच्या तसं ठेवा," सर म्हणाले. "कागद खोटं बोलत नाही."

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सूचना होत्या. प्रत्येकाने एकट्याने, शांत जागी बसून चाचणी भरावी. आणि त्याखाली: केवळ या चाचणीच्या आधारे कोणाचीही निवड करू नये किंवा कोणालाही नाकारू नये. त्या पानाचंही मी नीट भाषांतर केलं. सर आल्यावर त्यांनी सगळी पानं चाळली, ते शेवटचं काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे नको. उगाच लांबतं."

मी पान घेतलं आणि खणात ठेवलं.

आता सरिता. वांगणीच्या एका पाड्यावरची, एकवीस वर्षांची, बारावी झालेली. अर्ज द्यायला आली तेव्हा अर्ध्या वाटेपर्यंत चालत आणि पुढे जीपने आली होती. मी अर्ज तपासत होतो, तोवर ती टेबलाच्या कडेला हात टेकवून उभी होती. त्या हातांवरून कळत होतं की ही भट्टीवर जाऊन आली आहे. तिनेच सांगितलं, दोन वर्षं गेली. दिवाळी झाली की पाड्याच्या वाटेवर ट्रक येतो, घरची सगळी माणसं भांड्याकुंड्यांसकट त्यात बसतात, ती पावसाच्या तोंडाला परत येतात. अर्जावर शिक्का मारून मी पोच दिली. ती तिने चार घड्या करून कमरेला खोचली आणि म्हणाली, "भाऊ, यंदा त्या गाडीत नाय बसायचा मना."

मी म्हटलं, "होईल तुझं."

चाचणीच्या दिवशी एकतीस जणी आल्या. सरांनी तक्ता भिंतीला टेकवला, चार रंग समजावून सांगितले आणि टिकल्या दाखवल्या. एका बाईने लाल टिकली घेऊन सरळ कपाळाला लावली. सगळ्या हसल्या. सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग कागद वाटून ते म्हणाले, "माझ्या उपस्थितीचा परिणाम नको," आणि विश्रामगृहावर जेवायला गेले. कोंबडी होती, हे मला खानसाम्याने सकाळीच सांगितलं होतं.

सरांची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि एकतीस जणी उठल्या, खुर्च्या बाजूला सारल्या आणि जमिनीवर गोल करून बसल्या. मध्ये सरिता.

हे मला समजावून सांगायला हवं. आमच्या भागात कागद आला की तो एकट्याने भरायचा नसतो. रेशनचा असो, घरकुलाचा असो, दाखल्याचा असो. ज्याचा अर्ज बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, त्याचाच परत येतो आणि त्यालाच पुन्हा जव्हारला हेलपाटा पडतो. म्हणून पाड्यातलं जे शिकलेलं असेल त्याने वाचायचं, सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि सगळ्यांनी तेच लिहायचं. यात लबाडी नाही. कुणी एकटं मागे राहू नये, एवढाच त्याचा हेतू.

"भाऊ, चालता ना असा?" सरिताने मला विचारलं.

सूचनांचं पान खणात होतं. मी म्हटलं, "मला विचारू नका. मी फक्त कागद गोळा करणार."

मग साठच्या साठ वाक्यं झाली. मला एकटीने काम करायला आवडतं. "भाताची लावनी एकटी कोन करील?" अजिबात पटत नाही. मी माझ्या निर्णयावर ठाम राहते. "सासू नाय म्हनली तर?" यावर बराच वाद झाला आणि मधल्या चौकोनावर समेट झाला. मी केंद्रस्थानी असते. "तारपावाला बापा असतो ना!" सगळ्या खिदळल्या. अजिबात पटत नाही. मला अधूनमधून उदास वाटतं. इथे मात्र एकदोघींनी पेनं खाली ठेवली. मग मागे बसलेली एक थोराड बाई हलकेच म्हणाली, "लिव, वाटता. सगल्यांना वाटता." सरिताने मान डोलावली आणि एकतीस कागदांवर एकाच चौकोनात खूण झाली.

मी दारापाशी खुर्ची टाकून बघत होतो. दोघींना वाचता येत नव्हतं, त्यांना सरिताने आपल्या दोन बाजूंना बसवलं होतं. एकीचं तान्हं रडायला लागलं तेव्हा तिने त्या आईला दाराशी वाऱ्यावर बसवलं आणि तिचा कागद दुसरीकडे सोपवला. एक मुलगी सारखी मध्ये बोलत होती. तिला चहाचे पेले मोजायचं काम दिलं. सरिता कुणाला एक शब्द टाकून बोलली नाही. दीड तासात सगळे कागद भरून, एका आकाराचे जुळवून माझ्या हातात दिले. इतकी वर्षं मी या कार्यालयात सभा बघतोय. इतकी नीट चाललेली सभा मी दुसरी पाहिली नाही.

सर ढेकर देत परतले आणि त्या रात्री विश्रामगृहावर कागद तपासले. सकाळी आले ते उड्या मारतच. "एकतीसच्या एकतीस हिरवे! पिवळे, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? साठपैकी एकाही प्रश्नावर फरक नाही!"

मला वाटलं, आता कळलं. कुठल्याही शाळामास्तराला पहिल्या पाच कागदांत कळलं असतं. पण सर शाळामास्तर नव्हते, तज्ज्ञ होते. त्यांनी मान डावीकडे कलती केली, टोपण वाजवलं आणि म्हणाले, "या डोंगरात व्यक्तीला व्यक्तिमत्त्वच नाही. समूहाला आहे. एक प्रदेश, एक व्यक्तिमत्त्व. हा माझा नवा सिद्धान्त."

हसू नका. हा सिद्धान्त त्यांनी पुढे पुण्यात कुठल्याशा परिषदेत वाचला. शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो मला मोबाईलवर पाठवला. मागच्या पडद्यावर आमच्या मुलींचा फोटो होता, त्यात कपाळाला लाल टिकली लावलेली ती बाईही होती. लोक टाळ्या वाजवत होते.

पण मॅडमना दहा नावं हवी होती आणि एकतीस हिरव्यांतून दहा कसे काढणार? मग सरांनी मुलाखती घेतल्या. प्रत्येकीला पाच मिनिटं. डोळ्याला डोळा भिडवण्याचे गुण, आवाजाचे गुण, स्वतःविषयी बोलण्याचे गुण. आमच्याकडे वडीलधाऱ्या परक्या पुरुषाच्या डोळ्यांत रोखून बघत नाहीत. माझ्या सासऱ्याच्या डोळ्यांचा रंग मला अजून माहीत नाही. मी दाराशी बसून एकेकीला आत सोडत होतो, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

सरिता आत गेली आणि टेबलाच्या पायाकडे बघत बसली.

"तू स्वतःला नेता समजतेस का?"

"नाय."

"तुझ्यातला सगळ्यात चांगला गुण कोणता?"

ती म्हणाली, "तो मी कसा सांगू, सर? तो पाड्यात इचारा ना."

मला वाटतं, त्या खोलीत व्यक्तिमत्त्वाविषयी बोललं गेलेलं तेवढंच एक शहाणं वाक्य. बाहेर बसलेल्या मला ते कळलं. आत बसलेल्या तज्ज्ञाने टोपण दातांवर वाजवलं. "आत्मविश्वास शून्य. पिवळी." आणि तिच्या अर्जावर, बरोबर फोटोशेजारी, टिकली बसवली.

निवडलेल्या दहा जणींबद्दल माझं काही म्हणणं नाही. चांगल्या मुली होत्या. बहुतेक ठाणे-मुंबईकडे कामाला राहून आलेल्या, 'हाँ सर, मैं कर सकती हूँ' म्हणता येणाऱ्या. पण जिने त्या दहाही जणींचे कागद भरून घेतले होते, तिचं नाव यादीत नव्हतं.

यादी फळ्यावर लावली त्या दिवशी सरिता आली. खालपासून वरपर्यंत, वरपासून खालपर्यंत वाचून मग माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, मी कागदात काय चूक लिवला?"

मी म्हटलं, "चूक काही नाही गं."

"सगल्यांचा मीच सांगतला. मंग बाकीच्या वीस जनींचा पन माझ्याच मुलं गेला काय?" तिचा चेहरा उतरला होता, पण तो यामुळे. मी म्हटलं, तसं नाही, त्या कागदांवर काही ठरलंच नाही. तेव्हा तिला जरा बरं वाटलेलं दिसलं. मग तिने विचारलं, "मॅडमना एकदा सांगतास का माझा?"

"सांगतो," मी म्हटलं. "बस तू."

खण उघडला, ते पान काढलं. केवळ या चाचणीच्या आधारे कोणालाही नाकारू नये. माझ्याच अक्षरात. मनात वाक्यं जुळवली: मॅडम, हे पान सरांनी गाळायला लावलं. मॅडम, ते कागद या मुलीने भरून घेतले, सगळ्यांचे, दीड तासात, माझ्यासमोर. मॅडम, तुम्हाला अशीच मुलगी हवी होती ना? एवढं बोललो असतो तर पुरे होतं. मॅडम वाईट नाहीत. त्यांनी ऐकलं असतं, असं मला आजही वाटतं आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

दार लोटलं. मॅडमसमोर सर बसले होते. दोघांच्या मध्ये शेंगदाण्याची बशी. सरांनी मान वळवून बघितलं.

"काय पिवळे? काही काम?"

पान माझ्या हातात होतं. मी ते पाठीमागे धरलं आणि म्हणालो, "नाही सर. चहा अजून हवाय का विचारायला आलो."

"अर्धा," सर म्हणाले.

बाहेर येऊन मी सरिताला सांगितलं की मॅडम मीटिंगमध्ये आहेत. ती म्हणाली, "बरा, भाऊ," आणि जीप सुटेल म्हणून निघाली. सरांचा अर्धा चहा मी स्वतः नेऊन दिला.

सरांबद्दल एक गोष्ट सांगितली नाही तर माझं हे सगळं लिहिणं लबाडीचं होईल. त्याच आठवड्यात, जायच्या आदल्या संध्याकाळी, त्यांनी मला सनसेट पॉइंटवर नेलं. मला वाटलं, पर्यटकांचे रंग सांगत बसतील. पण ते बाकावर बसले आणि दरीकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दर वाढदिवसाला मी स्वतःची चाचणी घेतो. दर वर्षी वेगळा रंग येतो."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकलो.

"मुलीची घेतली होती, ती दहावीत असताना. पिवळी आली. मी तसं सांगितलं तिला, तिच्या मैत्रिणींसमोर. आता ती बंगलोरला असते. फोन आईलाच करते." मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. तो तिथेच राहिला, टोपण वाजलं नाही. "तुम्हाला मी कसा माणूस वाटतो? खरं सांगा."

वर्षभर मी या माणसाची मनातल्या मनात टर उडवत आलो होतो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सरिताचंही तेव्हा सांगता आलं असतं. यादी अजून नाशिकला गेलेली नव्हती. आणि तो माणूस त्या क्षणी ऐकायला बसला होता, त्याच्या सगळ्या आयुष्यात कधी बसला नसेल तसा.

मी म्हटलं, "चांगले आहात, सर."

ते माझ्याकडे बघून हसले, पण त्यात थट्टा नव्हती. "मधला चौकोन," म्हणाले, आणि उठून गाडीकडे गेले. त्या पाठमोऱ्या शर्टाची मला दया आली, हे खोटं कशाला बोलू? पण दया यायला आणि तोंड उघडायला वेगवेगळी माणसं लागत असावीत.

त्यानंतर सर परत आले नाहीत. संस्थेला दुसरं काहीतरी शास्त्रीय मिळालं. आता चाचणी टॅबवर असते आणि रंगांऐवजी आकडे येतात. सर निवृत्त झाले म्हणे, किंवा आजारी आहेत, नक्की कुणाला माहीत नाही. प्लास्टिक चढवलेला तक्ता कपाटामागे उभा आहे. फोन करावा असं मला दोनदा वाटलं. केला नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी कार्यालयात यायला निघालो होतो. जव्हारच्या नाक्यावर एक ट्रक थांबला होता, भांडी, गाठोडी, कोंबड्यांची डालगी आणि माणसांनी भरलेला. सरिता खाली उभी होती. एका म्हातारीला तिने ड्रायव्हरशेजारी चढवून बसवलं. पोरं मोजली, एक कमी भरलं, ते टपरीमागून शोधून आणलं. ड्रायव्हरला बजावलं की पोरांसाठी अर्ध्या वाटेत थांबायचं, आणि तो लालबुंद डोळ्यांचा दांडगा गडी मुकाट्याने "हो ताई" म्हणाला. सगळी बसल्यावर ती शेवटची चढली. चढता चढता तिने मला पाहिलं.

"भाऊ, येतो," ती म्हणाली. रागाने नाही. शेजारच्या गावी निघाल्यासारखं.

मी हात वर केला.

कार्यालयात येऊन खण उघडला. ते पान तिथेच होतं, अजूनही आहे. मग माझी फाइल काढली आणि पुठ्ठ्यावरची ती टिकली नखाने खरवडायला लागलो. कडा सुटल्या, पण मधला भाग काही निघेना, तेव्हा मी नाद सोडला. सरांनी आमच्या डोंगरात इतक्या जणांना इतके रंग दिले आणि सगळे चुकीचे दिले, असं मी इतके दिवस सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही. एक बरोबर होता, आणि तो ओळखायला त्यांना एक मिनिटही लागलं नव्हतं.